नावाशेजारचा डाग

रनाळ्याचं वाचनालय म्हणजे चावडीला लागून असलेली एक खोली, दोन बाकं आणि दाराबाहेर भिंतीत बसवलेला काळा फळा. त्या फळ्यावर रोज बातम्या लिहायचं काम सत्तावन्न साली तापीबाईंकडे आलं, ते केवळ अक्षरामुळे. माहेर नंदुरबारचं, सातवी पास, आणि अक्षर असं की गावातले दुकानदार लग्नपत्रिकांवरचे पत्ते त्यांच्याकडून घालून घेत. दुपारी भांडी आवरली की डोक्यावरचा पदर नीट करून त्या निघत. धुळ्याहून येणारं वर्तमानपत्र दोन दिवस शिळं असे. त्यातल्या चार ओळी वर लिहायच्या, खाली गावच्या.

गावच्या बातम्यांत जन्म असत, पण मुलांचेच. मुलगी झालेलं घर कळवायला येतच नसे. मग तापीबाई स्वतः दारोदार विचारू लागल्या आणि लिहू लागल्या, 'बेबीबाई यांस मुलगी.' लोक आधी हसले, पुढे सवय झाली. एके दिवशी खडू हातात असतानाच त्यांच्या मनात आलं, बाळ झालं हे आपण लिहितो, पण ते झेललं कोणी? निम्मं रनाळं भिलाटीतल्या, गावकडेच्या भिल्लवस्तीतल्या वेस्तीच्या हातांवर जन्मलं होतं. बाळबाळंतिणीचं न्हाणं झालं की तिने ओसरीवर येऊन बसायचं, तिचा कप कोनाड्यात वेगळा. तापीबाईंनी ओळीच्या शेवटी लिहिलं, 'सुईण : वेस्तीबाई.'

दुसऱ्या दिवशी पाहतात तर 'वेस्ती' जागच्या जागी आणि 'बाई' पुसलेलं. पुसणारे लपले नव्हते. वाचनालयाचे अध्यक्ष चुडामण आप्पा उपरण्याचं पांढरं झालेलं टोक झटकत बाकावरच बसले होते.

"आप्पा, हाई काय कयं?"

"लिखानं शे ते वेस्ती लिख. बाई कसाले? उद्या म्हैसलेबी बाई लावशी!"

"म्हैस बाळंतपण करस का, आप्पा? तुम्हना नातू तिन्हाच हातमा ऊना ना?"

बाकावरचे हसले. आप्पांनाही हसू आलं, पण उपरणं काही थांबलं नाही. तापीबाई लिहीत, आप्पा शेवटची दोन अक्षरं तेवढी पुसत. दोन वर्षं हे चाललं. ना त्यांनी भांडण केलं, ना आप्पांनी फळा काढून घेतला.

एकोणसाठच्या माघात तापीबाईंची लेक शोभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि दुसऱ्यांच्या बातम्या धीटपणे लिहिणाऱ्या या बाईची झोप उडाली. शोभाचं सासर प्रकाशा गावचं, तालेवार. सासू जसोदाबाई दिवस भरत आले तशा स्वतः येऊन राहिल्या. त्यांच्या पुढे तापीबाई भाजीत मीठ घालायलाही बिचकत. आपल्या हातून काही चुकेल आणि ते लेकीला भरावं लागेल, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत असे.

बाळ पायाळू निघालं. सकाळपासून दुपार टळेपर्यंत शोभा कण्हत होती. जसोदाबाईंनी सुनेचं डोकं मांडीवर धरलं होतं, तापीबाई नुसत्या दारात उभ्या. वेस्ती मात्र शोभाशी हळूहळू बोलत राहिली. बाळ आलं ते निळं, रडेना. वेस्तीने त्याच्या तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली, पुन्हा फुंकर घातली. मग ते रडलं.

मुलगी होती.

जसोदाबाईंनी हात धुतले आणि विहिणीला बाजूला घेतलं. "हाई फळावर नको, विहीणबाई. आमना भाऊबंद आठे बाजारले येतस. पोर झायी, तेबी भिलीनना हातवर. लोकेस्ले वाचाले कसाले देवानं?"

तापीबाईंनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर एवढंच आलं, 'शोभा सुखरूप.'

तिसऱ्या दिवशी वेस्ती बाळाला तेल लावायला आली. काम झाल्यावर ओसरीवर बसून चहा पिता पिता म्हणाली, "तापीमाय, मन्हं नाव नही लिखं?"

तापीबाई दचकल्या. "तुले कसं समजनं? तुले ते वाचता येत नही."

"वाचता नही येत. पन मन्हा नावना शेजारे पांढरा डाग ऱ्हास, आप्पा पुसस तो. तो दिखना की मी समजस, आज मी फळावर शे. काल डागच नही." तिने कप विसळला आणि कोनाड्यात ठेवला. "ऱ्हाऊ दे. पोर रडनी, बस झायं."

रागावली असती तर बरं झालं असतं. तापीबाई आत आल्या. शोभा बाळाला पाजत होती.

"आई, घाबरनी का तू?" तिने विचारलं.

"तुन्हाकरता घाबरनू."

"मन्हाकरता लिख मंग."

त्या दुपारी वाटेत तापीबाई भिलाटीकडे वळल्या. वेस्तीचं पुरं नाव त्यांना ठाऊकच नव्हतं; सतरा वर्षं ती त्यांच्या शेतात कापूस वेचत होती. नाव विचारून घेतलं, आणि फळ्यावर नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शोभाबाई यांस मुलगी. बाळ पायाळू होते. सुईण : वेस्तीबाई बाज्या मालचे.' आप्पा बाकावरून उठले, जवळ आले, वाचलं. आज 'बाई' पुसायचं तर ते मधोमध होतं, नाव मोडल्याशिवाय निघत नव्हतं. ते पुन्हा खाली बसले.

कोणीतरी जसोदाबाईंना ते वाचून दाखवलं. संध्याकाळी त्यांनी गाडी जुंपायला सांगितली. अंधार पडायच्या आत त्या प्रकाशाला निघून गेल्या.

चार महिने प्रकाशाहून चिठ्ठी नाही, निरोप नाही. बारशालाही कोणी आलं नाही. गाडीच्या घुंगरांचा आवाज आला की पाळण्याची दोरी शोभाच्या हातात थांबे. तापीबाई रोज फळा लिहीत आणि घरी येऊन देवासमोर बसत. आपण एका ओळीपायी लेकीचा संसार पुसला, असं त्यांना वाटे.

आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा सण होऊन गेल्यावर एका सकाळी गाडी दाराशी थांबली. जसोदाबाई उतरल्या, पाठोपाठ जावई. जसोदाबाईंनी पाळण्यातली पोर उचलली, उजेडात नेऊन पाहिली, छातीशी धरली. मग पिशवीतून एक झबलं काढलं, आणि एक लुगडं.

"झबलं हिन्हं," त्या म्हणाल्या. "लुगडं वेस्तीबाईले. कोठे शे ती वेस्तीबाई? माले रोज तीच दिखस, फुंकर घालताना."

वेस्ती अंगणात तुरीच्या काड्या रचत होती. तापीबाई हाक मारायला दाराशी आल्या आणि थबकल्या. दोन वर्षं फळ्यावर लिहिलेला शब्द आपल्या तोंडून एकदाही निघाला नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. लिहायचं वेस्तीबाई, हाक मारायची वेस्ती.

"वेस्ती..." जीभ सवयीने थांबली. त्या उंबरठ्यावरून बाजूला झाल्या, आत यायला वाट दिली. "वेस्तीबाई, मधमा या वं. चहा घ्या."

वेस्तीने काड्या खाली ठेवल्या आणि कोणाला बोलावताहेत म्हणून मागे वळून पाहिलं.