धबधब्यावर भरलेला डबा

वर्केनेशबाईंना आम्ही दवाखान्यातले सगळे ‘एतिये’ म्हणायचो, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. स्वयंपाकघर त्यांचं. शिरो, म्हणजे डाळीच्या पिठाचं कालवण, पातळ झाला म्हणून डॉक्टरांनी नाक मुरडलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांना आणखी पातळ मिळायचा. नवरा लढाईत गेल्यावर तीन मुलं वाढवली, पण कुणापुढे हात पसरला नाही. मी अदिस अबाबाहून दीड वर्षासाठी स्वयंसेविका म्हणून आले होते. क्षयाच्या रोग्यांनी गोळ्या घेतल्या की नाही ते बघायचं, हे माझं काम. दुपारी एतिये मला आपल्याच थाळीत जेवायला बसवायच्या. पावसाळा सरला आणि माझ्या रोग्यांच्या यादीत एतियेंचंच नाव आलं.

सुट्टीत मी मैत्रिणींबरोबर ताना सरोवराला निघाले तेव्हा त्यांनी पिवळा प्लॅस्टिकचा डबा हातात दिला. बेटावरच्या मठातलं त्सेबेल आणायचं, प्रार्थना म्हणून पवित्र केलेलं पाणी. त्या बेटावर बाईमाणसाने जायचं नाही. धक्क्यावर डबा द्यायचा आणि आतून कुणी भरून आणेपर्यंत थांबायचं, ही रीत. मी तासभर थांबले. साधू प्रार्थनेतून उठेनात, नाव परत निघाली आणि मैत्रिणींना तिस आबायचा धबधबा गाठायची घाई. धबधब्याखाली आम्ही चिंब भिजलो, कणसं खाल्ली, पोट दुखेपर्यंत हसलो. डबा मी तिथेच भरला. पाणी ते पाणीच, म्हटलं.

एतियेंनी डबा कपाळाला लावला. मग म्हणाल्या, त्सेबेल चालू असेल तोवर गोळ्या बंद. दोन्ही घेतलं तर देवावर भरवसा नाही असं होतं. दवाखान्यात येणारे पुष्कळजण असंच करतात, आणि त्यातले बरेच जगत नाहीत. खरं सांगायचं सोडून मी आणखी एक थाप मारली.

“साधूबाबांनी बजावलंय, याच पाण्याने गोळ्या गिळायच्या.”

त्यांनी गिळल्या. पाणी पुरवून पुरवून, सहा महिने, एकही दिवस न चुकवता. नदीचं पाणी बाधलं तर, या भीतीने मी अर्धमेली झाले होते. पण त्यांचं वजन वाढलं, आवाज परतला, टोमणेही परतले. मला मात्र त्यांच्याकडे सरळ बघता येईना. लाज वाटायची.

बऱ्या झाल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरून त्यांचे मुके घेतले. “हात निर्मळ असले की देव पावतो गं, त्सिगे.” शेजारचा विणकर अलेम्नेह बरोबर होता, रिकामा डबा घेऊन. त्यालाही क्षय झालेला. विचारलं तर त्याला गोळ्या महिन्यापूर्वीच मिळाल्या होत्या.

“चालू नाही केल्या,” तो खोकत म्हणाला. “म्हटलं, आधी तुमचं पाणी येऊ दे.”

“पाणी मठातलं नव्हतं, एतिये,” मी म्हणाले. “धबधब्यावर भरलं होतं. तुम्ही बऱ्या झालात त्या गोळ्यांनी.”

एतियेंनी माझे हात सोडले. “घरी जा आणि गोळी घे,” त्या अलेम्नेहला म्हणाल्या. “आजच.”

माझ्याशी त्या बोलत राहिल्या, कामापुरतं. एका थाळीत मात्र आम्ही पुन्हा कधी जेवलो नाही.