हिरामावशीची मोगरी आणि गुलाबी थेंब

गुरांच्या दवाखान्यात मी जन्मभर शिपाई होतो. किश्शांचं गुरांसारखंच असतं. एक दावं सोडलं की मागून चार चालत येतात!

ऐंशी सालच्या आसपास आमच्याकडे म्हशी दिवस भरण्याआधीच गाभ टाकू लागल्या. रक्तावरून तो रोग ओळखायची नवी टेस्ट आली. पांढऱ्या फरशीवर गुलाबी औषधाचा थेंब, त्यात रक्तावर सुटलेल्या पाण्याचा थेंब. दाणे धरले की रोग! जुनी टेस्ट नळ्यांतली, तिला दुसरा दिवस उजाडे. नवी कितपत खरी, हे पाहायला आमचे तरुण डॉक्टर प्रत्येक म्हशीवर दोन्ही करत.

*

नायगावचा एकजण रक्त तपासायला म्हशीऐवजी तांब्याभर दूध घेऊन आला. म्हणाला, "तिचंच आहे साहेब, फक्त रंग पांढरा!"

*

सातिवलीच्या एका गोठ्यातल्या सहा म्हशींच्या रक्ताच्या नळ्यांवर नंबर टाकले होते, त्यांतले दोन आजारी निघाले. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही वेगळ्या बांधा."

मालकाने एकच म्हैस बाहेर आणली.

"दुसरी कुठेय?"

"हीच! सहावी लाथ मारते हो. म्हणून या गरीब म्हशीलाच रक्त द्यायला दोनदा उभं केलं!"

*

हिरामावशीची एकुलती एक म्हैस मोगरी. एकदा गाभ टाकलेली, आता पुन्हा गाभण. नवी टेस्ट म्हणाली रोग आहे, जुनी म्हणाली नाही. रोग ठरला तर मोगरी गोठ्यातून जाणार.

"यातली खरी कोन?" मावशीने विचारलं.

"तेच तर शोधतोय, मावशी."

"म्हंजे परीक्षा तुमच्या बाटलीची, नि नापास माझी मोगरी?"

डॉक्टरांनी वहीत लिहिलं: तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त.

*

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायला गेलो, तर मावशी गोठ्याच्या दारात आडवी उभी.

"आधी तुमचं काढा, डाक्टर. तुमी पन रोज म्हशींतच असता."

डॉक्टर हसले, बाही वर केली. शेकडो म्हशींना टोचलेला माणूस! पण कंपाउंडरच्या हातातली सुई पाहून पांढराफटक पडला. मावशीने त्यांचं डोकं खांद्याशी धरलं, मानेवरून हात फिरवला. "उगी, उगी... झालं हां!"

मोगरी शांतपणे रवंथ करत उभी होती. तिनेही रक्त दिलं.

दोन्ही रक्तांच्या दोन्ही टेस्ट झाल्या. कुठेच रोग नाही. सांगायला गेलो, तर मावशीने मोगरीच्या मानेत तोंड खुपसलं. मी बाहेर बघत राहिलो.

मग मावशीने घरातून केळ्यांची फणी आणली, मोडली. अर्धी मोगरीपुढे ठेवली, अर्धी डॉक्टरांच्या हातात.

"तुमी सोलून खावा हां, डाक्टर. तिला सालीसकट चालतं."