दोन्ही मांड्यांचं माप

टेलरमामांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि त्याबद्दल गावाची काही तक्रार नव्हती. उलट सोयच होती. वर्तमानपत्र सकाळी आठला यायचं, मामांचं दुकान साडेसातला उघडायचं. कुणाची बदली झाली, कुणाचं जमलं, कुणाचं जमता जमता फिस्कटलं, हे तोंडात चार टाचण्या धरून मामा सांगत, आणि एकही टाचणी पडत नसे. बातमी आली तशी पुढे गेली, असंही नव्हे. आपल्या हातून जाणारी वस्तू जरा नीटनेटकी जावी, म्हणून मामा ती इथे सैल करत, तिथे आवळत.

कामात मात्र मामा पक्के. गावात दुसरे तीन टेलर होते, ते पँटीला एकाच पायाचं माप घेत. मामा दोन्ही पायांचं घेत. फार पूर्वी एका पोस्टमनची पँट त्यांनी एका पायावरून शिवली होती आणि तो बिचारा वर्षभर डावी मोहरी रस्त्यावर घासत पत्रं वाटत फिरला होता. त्याचा एक पाय आखूड होता, हे त्यालाही तेव्हाच कळलं. तेव्हापासून मामांनी कानाला खडा लावला. गिऱ्हाईक म्हणे, "अहो, दोन्ही सारखेच आहेत." मामा म्हणत, "ते टेपला सांग."

दुकानासमोर बास्केटबॉलचं मैदान होतं. मैदान म्हणजे सिमेंटची फरशी, दोन खांब, आणि एकाच खांबाला रिंग. त्या रिंगखाली जिराफ मोठा झाला. जिराफ हे पोस्टातल्या ताईंच्या पोराचं गावाने ठेवलेलं नाव. नवव्या वर्षी शाळेच्या रांगेत तो मागे उभा राहिला तरी पुढे दिसायचा. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवत. महिन्यातून चार दिवस घरी, त्यातले दोन झोपेत. आई पोस्टात काउंटरवर पार्सलं तोलायची. पोरगा पहाटे सहाला रिंगपाशी. तीनशे बॉल टाकायचे, मग शाळा. पुन्हा संध्याकाळी दोनशे. धप्, धप्, धप्. मामांचा पाय मशीनच्या पायट्यावर त्या ठेक्यात पडायचा. पोरगा आजारी पडला तर मामांची शिलाई वाकडी जायची.

पुढे तो दूरच्या शहरातल्या कॉलेजात गेला, कॉलेजच्या टीमचा कॅप्टन झाला, पेपरात फोटो आला, आणि 'ए जिराफ, बल्ब बदलून दे' म्हणणारं गाव एका रात्रीत 'आपला जिराफ' म्हणू लागलं. न्हाव्याने तो पूर्वी बसायचा त्या खुर्चीवर पाटी लावली. पाण्याच्या टाकीखालच्या भिंतीवर त्याचं चित्र काढलं गेलं. पेंटरने वरून सुरुवात केल्याने भिंत कमी पडली आणि चित्र गुडघ्यापर्यंतच राहिलं. हार्डवेअरवाले अण्णा सत्कार समितीचे अध्यक्ष झाले. समिती त्यांनीच काढली होती, त्यामुळे निवडणूक वगैरे भानगड झाली नाही.

तर यंदा त्याची टीम फायनलला पोचली. फायनल पुढच्या शनिवारी, अजून अकरा दिवस होते. गावातून दोन बस जायच्या ठरल्या. नंतर सत्कार, आणि सत्काराला सूट, समितीतर्फे. पोरगा चार दिवसांच्या सुट्टीवर आला होता, तेवढ्यात माप आणि ट्रायल उरकायची होती. अण्णा त्याला मंगळवारी सकाळी स्वतः दुकानात सोडून गेले, जाताना म्हणाले, "मामा, गावाची अब्रू आहे. आखूड नको."

मामांनी खांदे घेतले, बाही घेतली, लांबी घेतली. सत्तेचाळीस. "तुझ्या पँटीत माझ्या दोन होतात," ते म्हणाले. मग उजवी मांडी घेतली. चोवीस. मग डावी. साडेबावीस.

मामांनी टेप झटकली आणि पुन्हा घेतली. साडेबावीस. 

पोरगा समोरच्या भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरकडे फार लक्ष देऊन बघत होता.

मामांचा मेव्हणा एकदा छपरावरून पडला होता. त्याचा पाय प्लास्टरमधून निघाला तेव्हा मांडी अशीच सुकलेली होती. ज्या पायावर माणूस भार टाकत नाही, तो पाय रुसून बारीक होतो, एवढं वैद्यक मामांना येत होतं.

"गुडघा का रे?" मामांनी विचारलं. टाचण्या आधीच काढून ठेवल्या होत्या.

"दोन महिने झाले. उडी मारून खाली येताना वळला. पट्टा बांधून खेळतो."

"डॉक्टर?"

"डॉक्टर बसवून ठेवील. मामा, फायनलला कंपनीच्या टीमचा माणूस येणार आहे बघायला. त्यांनी घेतलं तर नोकरी, राहायला घर, सगळं. अकरा दिवसांचा तर प्रश्न आहे. मग दाखवतो ना." मग जरा थांबून तो म्हणाला, "आईला सांगू नका. कुणालाच सांगू नका."

आता गावात मामांना 'कुणाला सांगू नका' असं फार लोक म्हणत. पण ते लवकर पसरावं म्हणून म्हणत. हा पोरगा खरंच म्हणत होता. "नाही सांगणार," ते म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना पोरगा गेल्यावर कळलं.

मंगळवार कसाबसा गेला. बुधवारी मामांना जेवण जाईना. बायको आत काज-बटणं करत बसायची. ती म्हणाली, "अहो, कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग एवढं गप्प कशापायी? पोट धरलंय का?"

"धरलंय," मामा म्हणाले, आणि ते खरंच होतं.

लोक आले, बसले, वाट बघितली, उठून गेले. एकाने बाहेर जाऊन सांगितलं की मामांना जिभेचा काहीतरी आजार झालाय. गुरुवारी न्हावी मुद्दाम बघायला आला. "आ करा," म्हणाला.

"चल, नीघ," मामा म्हणाले.

समोर मैदानावर पोरगा रोज येत होता. लोक फरशीभोवती उभे राहून बघत. बॉल रिंगमध्ये पडत होता, टाळ्या पडत होत्या. पण मामा पाय बघत होते. पोरगा उभ्या उभ्याच बॉल टाकत होता. चार दिवसांत त्याने एकदाही उडी मारली नाही. लोकांना वाटलं, मोठा झाला, आता उडी मारायची गरज पडत नाही.

मामांचं गणित असं होतं : सांगावं तर शब्द जातो, न सांगावं तर पाय जातो. शब्द आपला, पाय त्याचा. आणि शब्द म्हणावा तर आयुष्यात पहिलाच दिलेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शिवाय त्या पायावर त्यांनी बारा वर्षं पँटी शिवल्या होत्या. दर वर्षी मोहरीत तीन बोटं कापड आत दुमडून ठेवायचं आणि सहा महिन्यांत उसवून सोडायचं. त्या पायाचा एक इंचही मामांच्या नकळत वाढलेला नव्हता.

शुक्रवारी ट्रायल होती. दुपारी पोरगा पोस्टाच्या वेळेत यायचा होता, म्हणजे आई काउंटरवर असताना. मामांनी सकाळीच बायकोकरवी पोस्टात निरोप धाडला : कापडाचा रंग एकदा नजरेखालून घाला, दीडला या.

पोरगा कच्च्या शिलाईची पँट चढवून उभा होता. मामा गुडघ्यावर बसले होते. आई दारात आली, पोस्टाची बॅग खांद्यालाच.

"रंग चांगला आहे," ती म्हणाली. "निघू? काउंटरवर रांग आहे."

"ताई, आलाच आहात तर जरा टेप धरा. मला आकडा दिसेना. मांडी पुन्हा घ्यावी म्हणतो."

"घेतलीय मामा, मंगळवारी घेतलीय," पोरगा घाईने म्हणाला.

"पुन्हा घेतो."

ताईंनी बॅग ठेवली. दिवसभर तराजूचे काटे वाचणारी बाई; तिने टेप गुंडाळली आणि मोठ्याने वाचलं, "साडेबावीस."

"आता उजवी."

"चोवीस." ती थांबली. मामांनी न सांगता ती पुन्हा डावीकडे वळली. तिथून उजवीकडे. "टेप ताणली गेलीय का?"

"गेल्या महिन्यात घेतलीय."

ताई उठल्या. पोराच्या तोंडाकडे बघायला त्यांना मान वर करावी लागली. "किती दिवस?"

"आई, काही नाही, जरासं..."

"किती दिवस, असं विचारलं मी."

"दोन महिने."

ताईंनी टेप गुंडाळून मामांच्या हातात दिली. "तुम्हाला कधी कळलं, भाऊ?"

"मंगळवारी."

"आज शुक्रवार." त्यांनी बाहेर रस्त्याकडे बघितलं, मग पुन्हा मामांकडे. "आणि गावाला माहीत नाही?"

"नाही."

त्यावर ताई स्टुलावर बसल्या. पोराचा गुडघा हा पहिला धक्का होता, हा दुसरा.

पोरगा दोरे लोंबणाऱ्या पँटीतच बाहेर निघाला होता, आईने हाताला धरून परत आणला. मामांकडे त्याने पाहिलं नाही. त्याच दुपारी ती त्याला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. गुडघ्याची दोरी अर्धी तुटली होती, आणि डॉक्टर म्हणाले की अजून चार उड्या मारल्या असत्या तर उरलेली अर्धीही गेली असती, सोबत हाडाची गादीही. मग ऑपरेशन केलं तरी चालण्यापुरतंच. आता केलं तर वर्षभराने खेळेल. ताईंनी दवाखान्यातूनच कॉलेजच्या कोचला फोन लावला. त्या काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही, पण कोचने मधे एकदाही बोलायचा प्रयत्न केला नाही म्हणतात.

कोचला, आईला, मामांना माहीत. गावाला नाही. फायनलला गावाच्या दोन बस भरून गेल्या. जिराफ बाकावर बसला होता, समितीच्या सूटमध्ये. मामांनी शेवटी दोन्ही पाय चोवीसच्याच मापाने शिवले होते, डावीकडचं कापड जरा लोंबत होतं. ते फक्त मामांना दिसत होतं. बाकीचे ओरडत होते, "खेळवा, खेळवा!" अण्णा कोचला उद्देशून जे बोलले ते समितीच्या अध्यक्षाला शोभणारं नव्हतं. टीम अकरा गुणांनी हरली. कंपनीचा माणूस आला होता, वहीत काहीतरी लिहून शेवटच्या शिट्टीआधीच उठून गेला.

बसपाशी गाव धुमसत उभं होतं. कोचने पैसे खाल्ले, असं एकाने ठरवलंही होतं. तेवढ्यात जिराफ लंगडत आला. मामांपाशी थांबला. ट्रायलनंतर आठ दिवसांत पहिल्यांदाच.

"त्या दिवशी चष्मा कुठे होता, मामा?"

"घरी राहिला होता."

"कपाळावर होता."

मामा काही बोलले नाहीत. एवढ्यात ते त्यांना जमू लागलं होतं.

"पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे," पोरगा म्हणाला. बसकडे बघून त्याने मान खाली घातली. "हे कोचला शिव्या देतायत. त्यांचा काय दोष? मी लपवलं. पण मला नाही सांगवत, मामा. दोन बस भरून आलेत. तुम्ही सांगा."

"सगळं?"

"सगळं. तुम्हाला येतं ना."

बस सुटली तशी मामा दोन सीटांच्या मधे दांडा धरून उभे राहिले. अशी बातमी त्यांच्या हाती आयुष्यात आली नव्हती. सत्तर माणसं, दोन तासांचा रस्ता. मामांनी सांगितलं : गुडघा दोन महिन्यांपूर्वी वळला. दोरी अर्धी तुटली. पट्टा बांधून खेळला. तेव्हा कोचला माहीत नव्हतं. ऑपरेशन सोमवारी. आणि ते खाली बसले. एवढंच.

बस गप्प. मागून न्हाव्याने विचारलं, "कुठला पाय?"

"डावा."

मग अण्णा हळूच म्हणाले, "म्हणजे सेमीफायनलला एका पायावर खेळला तो."

"एका पायावर," कुणीतरी म्हणालं, आणि बसमध्ये जीव आला. एका पायावर छत्तीस गुण! दुसरं कुठलं गाव काढील असा पोरगा? कोच पुढच्या वळणापर्यंत माफ झाला. पेट्रोलपंपावर बस थांबली तेव्हा दोन बसमधली माणसं खाली उतरली, आणि पुन्हा चढताना दोन महिन्यांचे सहा महिने झाले होते. गावाच्या अलीकडच्या पुलावर पाय मोडलेला होता.

"मोडला नव्हता," मामा म्हणाले. "आणि दोन महिने. दोनच. दोरी अर्धी तुटली होती."

"तुम्ही गप्प बसा हो मामा," अण्णा म्हणाले. "तुम्हाला काय माहीत?"

पुढच्या सीटवर ताई बसल्या होत्या, खिडकीकडे तोंड करून. त्यांचे खांदे हलत होते. रडतायत की हसतायत, हे मामांना मागून कळेना, आणि त्यांनी कुणाला विचारलंही नाही.