तीन काळे प्लग

माझ्या शिक्षणामागे सगळ्यात मोठे उपकार जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या मिस्त्रीकाकांचे. गाडी कुणाचीही असो, ते आधी बोनेटवर तळहात ठेवत आणि विचारत, "दुपारी कशी उठती? लगेच चालू होती का?"

वडील दुसऱ्याच्या डिझेल पिकअपवर ड्रायव्हर होते. एका थंडीत ती सकाळी चालूच होईना. काकांच्या दुकानासमोर मालक वडिलांवर ओरडला, "तूच इंजिन खाल्लंस. उद्यापासून येऊ नको!" वडील मान खाली घालून उभे राहिले.

काकांनी थंड इंजिन तापवणारे चारही हीटर प्लग काढून बॅटरीला लावले. एक लाल झाला, तीन काळेच राहिले.

"दुपारी उठती, सकाळी न्हाई. इंजिन चांगलं हाय, मालक. थंडीत प्लग तापंनात."

"मग बसव नवे."

"आधी यांची माफी मागा."

"मिस्त्री लय हायत परभणीत!"

"हायत की. ढकलत न्या."

काकांनी पाना खाली ठेवला. शेवटी मालक वडिलांना म्हणाला, "चुकलं माझं." वडिलांची नोकरी राहिली, माझं कॉलेजही.

काल काकांना पत्र टाकलं:

"काका, कारखान्यात मशीन बंद पडलं, दुरुस्ती माझ्याकडे आली. साहेबांनी न बघताच ऑपरेटरला काढलं. मी उघडून दाखवलं, चूक त्याची नव्हती. त्याला परत बोलवा म्हणालो, तर साहेब चिडलेत. मी अजून पाना उचललेला नाही."