हळदीच्या पाटावरचे तीन काटे

जवळ सरक जरा, पोरी. तो फोन पालथा ठेव. आणखी जवळ. मी लिहिते तेही बोलल्यासारखंच, लांब बसून ते कळायचं नाही. आधी तुला रागावून घेते, बाकीचं मग. परवा काय म्हणालीस? "आई, बाबा मेरे से नाराज हैं क्या? हां-हूं करतात आणि फोन तुझ्याकडे देतात. मग सुट्टीत आम्ही येऊन काय करू?" एवढं बोललीस आणि फोन ठेवून दिलास. बापाच्या मनात काय आहे ते तिकडे पुण्यात बसून ठरवून टाकलंस! ठरवणारी तू कोण गं? ते तुझ्यावर नाराज नाहीत. का बोलत नाहीत ते मलाही नावेत बसल्यावर कळलं, म्हणून नावेपासून सांगते. मध्येच उठू नकोस. उठायचं काम मीच करते आहे. सकाळपासून फाटकापर्यंत जाते आणि परत येते. ते नदीवर गेलेत, एक वायर सुटली ती जोडायला, आणि अजून आले नाहीत.

रिटायर झालेला इंजिन-ड्रायव्हर घरात कसा राहतो, हे तू पाहिलं नाहीस. तू तोवर लग्न होऊन गेली होतीस. बसायचं कसं हेच त्यांना येत नव्हतं. पेपर उघडायचा, दोन ओळी वाचायच्या, उठायचं. पंखा बंद, पंखा चालू. संध्याकाळी तेलीबांध्याच्या तलावावर न्यावं, तर लोक कठड्याला टेकून भुट्टा खात उभे आणि हे या टोकापासून त्या टोकापर्यंत असे सुटलेले, की मी मागून ओरडायची, "अहो, गाडी लेट आहे का?" शहरही तेव्हा त्यांच्यासारखंच झालं होतं. नवं राज्य, नवी राजधानी, ज्याला त्याला कुठंतरी पोचायचं. आज या रस्त्याला खोदून ठेवलं, उद्या त्या. चौबे कॉलोनीतल्या आपल्या गल्लीतसुद्धा दिवसभर हॉर्न. मी हाक मारली आणि त्यांनी ओ दिली नाही, तर मी त्या हॉर्नवर ढकलून मोकळी व्हायची.

मग ती नाव आली. ओळखीच्या एका ठेकेदारानं मासळीच्या तळ्यासाठी घेतलेली. तळं आटलं, नाव त्याच्या अंगणात उलटी पडून होती आणि तिच्याखाली कुत्री व्यायली होती. लहानशी, फायबरची, मागच्या फळीला टांगायची पेट्रोलची मोटर. यांनी त्या मोटरचं झाकण उघडलं आणि आत वाकून पाहिलं. किती दिवसांनी ते एका जागी उभे राहिलेले मला दिसले. मी मोडता घातला नाही. पिल्लं मोठी होऊ दिली आणि मगच नाव आणली, एवढं मात्र माझ्यामुळं.

महादेवघाटावर खारून नदीला बारा महिने पाणी असतं. तिथल्या एका केवटाशी, म्हणजे नाववाल्याशी, यांची गट्टी जमली. त्याच्या डोंग्यांच्या रांगेत आपली नाव बांधायची ठरली.

"तुमाले पोहता येते का?" मी विचारलं.

"मले इंजिन येते," ते म्हणाले.

आता सांग, अशा माणसाची बायको घरी स्वस्थ बसेल? ते नदीवर गेले की माझी कणीक जास्त मळली जायची. शेवटी मीही जाऊ लागले. नारिंगी जाकीट घालून काठावर बसायची. हो, काठावर. हसू नकोस. केवट मला म्हणायचा, "दाई, इहां नई बुड़स," आई, इथं नाही बुडणार तू. मला माहीत होतं गं. पण अंगात जाकीट असलं की जिवाला बरं वाटायचं.

सुरुवातीला ते मजेत होते. मग हळूहळू बिघडलं. नदीच्या मधोमध मोटर बंद करायची, झाकणावर तळहात ठेवून पाहायचं, लेकराचा ताप पाहतात तसं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. काठावर आले की कपाळाला आठ्या. मी म्हटलं, काही खराबी आहे का? "नाही." मग काय आहे? "काटे नाहीत." काटे म्हणजे मीटर, गाडीत समोर असतात ते. "इंजिन गरम होऊन राहिलं की बॅटरी उतरून राहिली, काहीच कळत नाही. आंधळी मोटर आहे ही."

टाटीबंधला ट्रकच्या सामानाची दुकानं आहेत, तिथं मला घेऊन हिंडले. दुकानदार विचारी, "भैया, कौन सी गाडी का मीटर?" हे म्हणत, "नाव का." दुकानदार माझ्याकडे पाही. मी दुसरीकडे पाही. शेवटी तीन काटे मिळाले. एक ट्रॅक्टरचा, मोटर किती तापली ते सांगणारा. एक बॅटरीचा. एक मोटर किती जोरात फिरते त्याचा. आता हे बसवायचे कशावर? पत्रा गंजतो, प्लायवूड फुगतं. दुपारी मला मागच्या अंगणातून खरखर ऐकू आली. जाऊन पाहते तर तुझ्या हळदीचा पाट मांडीवर आडवा घेऊन त्याला गोल भोकं पाडून राहिले होते!

मी किती बोलले असेन ते विचारू नको. "पोरीच्या हळदीचा पाट आहे तो! त्यावर बसवून तिले हळद लावली मी!" ते भुसा फुंकत राहिले. मग म्हणाले, "सागवान आहे. पाण्यानं सडत नाही. घरात दुसरं काय आहे असं?" त्या पाटाच्या एका कोपऱ्यात हळदीचा डाग अजून आहे. भोकं पाडताना तेवढा कोपरा त्यांनी सोडला होता. हे मी नंतर पाहिलं, रागात असताना नाही दिसलं.

आणि मग त्यांनी जे केलं, ते इंजिन-ड्रायव्हरच करू जाणे. तो पाट नावेत पुढं बसवला. अगदी पुढं, नाकाशी, जसे इंजिनात ड्रायव्हरच्या समोर काटे असतात तसे. वायरी नीट पट्ट्यांनी आवळल्या, स्क्रू कसले, आणि नाव चालवायला मागं जाऊन बसले. कारण मोटर मागं! तिचा दांडा हातात धरूनच नाव वळते. आता हे मागच्या टोकाला, काटे पुढच्या टोकाला, आणि मोतीबिंदू काढलेले डोळे. मान लांब करून पाहिलं. उठून पाहिलं, तर नाव डुलली.

केवट काठावरून म्हणाला, "बबा, डोंगा मा घड़ी काबर लगाय हव? बेरा देखे बर?" नावेत घड्याळं कशाला लावली, वेळ पाहायला का?

मला इतकं हसू आलं की जाकिटाचा पट्टा सुटला. यांचं तोंड लाल. पण चूक झाली म्हणतील तर तुझे बाबा कसले! म्हणाले, "बरोबर लावले. तिथं असिस्टंट बसत असते."

"कोणता असिस्टंट?"

"तू."

तर अशी मी नावेत चढले. तुला आठवतं ना, रेल्वेत सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं सांगायचा आणि दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा. असिस्टंट म्हणणार "हिरवा", ड्रायव्हर म्हणणार "हिरवा". नुसतं ऐकलं असं चालत नाही, परत म्हटलं म्हणजे कळलं. ही सवय त्यांनी घरी आणली होती. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आपण जेवायला बसलो की मी म्हणायची, "भाजीत मीठ कमी आहे." ते ताटाकडे पाहून, "मीठ कमी." तू शाळेत जाताना, "बाबा, जाते." "जाते." तुझ्या मैत्रिणी याच्यावर हसायच्या आणि तू चिडायचीस. ही सवय घरातून कधी गेली, मला सांगता येणार नाही. एके दिवशी गेली असती तर कळलं असतं. ती थोडी थोडी गेली.

त्या दिवशी ऊन चांगलं तापलं होतं. मी पाटासमोर, पाठ त्यांच्याकडे. मोटर मागं भुरभुर करत होती. मी ओरडले, "बॅटरी ठीक!" मागून काही नाही. मला वाटलं, मोटरचा आवाज आहे. "बॅटरी ठीक!" काही नाही. मला रागच आला. स्वतः असिस्टंट केलं आणि आता उत्तरही देत नाहीत. पुढं जलकुंभी होती, पाण्यावर पसरते ती जलपर्णी, नदीला हिरवी सतरंजी घातल्यासारखी. तिच्या कडेनं नाव गेली आणि थोड्या वेळानं तापाचा काटा हलला. ही मोटर नदीचंच पाणी आत ओढून स्वतःला थंड ठेवते, तिचं तोंड जलकुंभीनं बंद केलं होतं, पण तेव्हा मला हे काय माहीत! मला एवढंच दिसलं की काटा लाल रेघेकडे चालला.

"गरम! गरम होऊन राहिली!"

काही नाही. "अहो! लाल! लाल!" घसा बसला माझा. वळून पाहते तर ते दूर, पुलाकडे बघत होते, चेहरा शांत, ओठ मिटलेले. असा माणूस दुर्लक्ष करत नाही गं. असा माणूस एकटा असतो.

मग माझे हात आपोआप वर गेले. दोन्ही, सरळ, डोक्यावर. झेंडी नसली तर रेल्वेत असंच थांबवतात. रुळावर कोणीही असे हात केले तरी ड्रायव्हरनं थांबायचं. क्वार्टरमधल्या पोरांना हे बाराखडीच्या आधी येतं. त्यांची नजर माझ्यावर पडली आणि मोटर त्याच क्षणी बंद. पुढं आले, काटा पाहिला, मागं जाऊन मोटर वर उचलली, तिच्या तोंडातून जलकुंभीच्या मुळ्या ओढून काढल्या.

आता नदी एकदम चूप झाली होती. ते पाठमोरे वाकलेले. मी हळूच म्हटलं, "तुमची पोरगी आली बघा काठावर."

ते मुळ्या काढत राहिले.

 तू आलीस म्हटल्यावर तुझा बाप वळणार नाही, असं कधी झालं आहे का? जवळ जाऊन मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंडासमोर तोंड धरून विचारलं, "कधीपासून?"

हातातल्या मुळ्या त्यांनी पिळल्या. मग म्हणाले, "इंजिन कानानं चालवतात. काटे फक्त खात्रीले. आता कानाचा भरोसा नाही, म्हणून काटे लावले." आणि पुढं, "जाड आवाज अजून येतात. मोटरचा थोडा येते. बारीक आवाज गेले. पहिले पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी." मग मुळ्या पाण्यात टाकत म्हणाले, "पोट्टीचा आवाज बारीक आहे."

कळलं? फोनवर तू बोलतेस आणि त्यांना नुसती हवा ऐकू येते. काहीतरी चुकीचं उत्तर जाईल आणि तुला कळेल, म्हणून हां-हूं करतात आणि फोन माझ्याकडे देतात. देताना माझ्या तोंडाकडे पाहत उभे राहतात, मी हसते की नाही ते बघायला. मी हसले की जाऊन पंखा बंद-चालू करतात. "तिले सांगजो नको," असं मला बजावलं आहे. मी सांगून राहिले. मी असिस्टंट आहे, काटा लाल झाला की सांगणं माझं काम.

कानाच्या मशीनचा विषय मी काढला होता. डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. "पाहू." पाहू म्हणजे नाही. तू समोर बसून म्हणालीस तर गोष्ट वेगळी. मी रोज म्हणते म्हणून माझं म्हणणं त्यांना पंख्यासारखं झालं आहे. आणि रविवारी ते नावेवर जातातच. मी बरोबर असते तेव्हा जीव थाऱ्यावर असतो. आजच्यासारखे एकटे गेले की मी अशी लिहिता लिहिता उठते, आणि बसते.

थांब, फाटक वाजलं.

आले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात पकड. मी दारातच अडवलं, उजेडाकडे तोंड करून उभी राहिले म्हणजे माझे ओठ त्यांना दिसतील, आणि हळू, एकेक शब्द म्हटला, "पोरीले बोलावू?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग या कागदाकडे. मी तुला सांगितलं हे त्यांना कळलं असणार, कारण थोडे रागावले. पकड खिडकीत ठेवली. आणि मग म्हणाले, "पोरीले बोलावू."

किती दिवसांनी त्यांनी माझं वाक्य मला परत दिलं.

तर तिकीट काढ. लेकरांना जाकिटं आहेत, केवटानं लहान मापाची शोधून ठेवली. नावेत पुढं तू बस, तुझ्या पाटासमोर, पण त्यांच्याकडे तोंड करून. काटे मान वळवून वाच. ओरडू नकोस, हात कर. आणि सुट्टी लागायची वाट पाहू नको गं, त्याच्या आधीच ये.