दाखवायची तयारी

"मान खाली. अजून थोडी. हां, आता बस." मुलीच्या हनुवटीला दोन बोटं लावून आत्या असं म्हणायच्या आणि मागे सरकून तिला नीट न्याहाळायच्या.

सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार असले, की आदल्या दिवशी आत्यांना बोलावणं जायचं. ट्रे कसा धरायचा, किती हसायचं, सगळं त्या शिकवायच्या. त्यांचं स्वतःचं लग्न मात्र कधी जमलं नाही. ब्लाऊज शिवून पोट भरायच्या. त्यांचा भाऊ रोहणा गावी शेती करतो. त्याची मुलगी पल्लवी लहानपणीच आईवेगळी झाली, तिला आत्यांनीच वाढवलं.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. थंडी संपत आली, की मोठमोठ्या विद्यापीठांचे अर्ज सुरू होतात आणि "सर, एवढा निबंध पाहून द्या ना" म्हणत पोरं दारात हजर. सगळ्यांनाच जग बदलायचं असतं! असे चार निबंध तुम्ही सलग वाचून बघा, म्हणजे माझं डोकं का भणभणतं ते कळेल. पल्लवीचा निबंध मात्र खरा होता. हजारोंतून मूठभर मुलं घेणाऱ्या दोन विद्यापीठांनी तिला मुलाखतीला निवडलं. एखाद्या ठिकाणी निवड झाली तर शिक्षण फुकट, नाही तर पुढचं शिक्षण बंद, असं तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं.

पहिली मुलाखत आत्यांच्या घरूनच, लॅपटॉपवर होती. मी पोचलो तर खाटेवर नवी चादर, पल्लवीच्या डोक्यात गजरा आणि गॅसवर कढई.

"पोहे कोणाला, आत्या?"

"पाहुण्यायले."

"अहो, ते लॅपटॉपात येणार आहेत!"

"तं का झालं? घरात वास तं पाह्यजे."

मी कपाळाला हात लावला. मुलाखत सुरू झाली. पल्लवी मान खाली घालून, हळू आवाजात, सगळ्याला हो हो म्हणत राहिली. महिनाभर मी घसा कोरडा करून शिकवलेलं पाण्यात गेलं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुला आम्हाला काही विचारायचंय?" ती म्हणाली, "नाही." पडद्याआड आत्या खूश झाल्या. मुलीनं उलट काही विचारायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा होता.

नकार आला तेव्हा मी तडकलोच. "ही काय सोयरीक होती का, आत्या? पोरीची संधी घालवली तुम्ही!"

आत्यांनी मशीन थांबवली. "मले किती जण पाहून गेले, सर. मी कोणालेच काई पुसलं नाई. पुसूच देत नव्हते. मंग पोरीलेबी तेच शिकवलं. मले दुसरं येतेच काय?"

मला फार वाईट वाटलं. मग त्यांनी पल्लवीला हाक मारली. "इकडं ये माय. आपली पोरगी त्यायच्या घरी जाऊन राह्यली, तं घर कसं आहे ते काऊन पुसू नाई?"

मग आठवडाभर मशीन चालवता चालवता आत्या प्रश्न सांगायच्या. जेवाले काय देता? रात्री रस्त्यावर लाईट राह्यते का? मास्तर लय रागीट आहेत का? आणि मी, दिवसभराचा थकलेला, त्यांचं इंग्रजी करत बसायचो.

दुसऱ्या मुलाखतीत पल्लवीनं विचारलं, "तुमच्याकडे कुणी आजारी पडलं, तर त्याच्याजवळ कोण बसतं?" मग समोरच्या तिघांतल्या एक बाई स्वतःच्या हॉस्टेलच्या दिवसांबद्दल बोलायला लागल्या, पल्लवीही मोकळी झाली आणि गप्पा तिच्या निबंधापर्यंत जाऊन पोचल्या. तिची निवड झाली.

आत्यांच्या घराला आता कुलूप असतं. त्या रोहण्याला भावाकडे राहायला गेल्या. मला आठवतात त्या सेवाग्राम स्टेशनवरच्या. पल्लवीची गाडी निघून गेली तरी त्या बाकावरून उठेनात.

"लग्न होऊन गेली असती, तं पहिल्या दिवाळीले आणाले गेली असती मी," त्या म्हणाल्या. "इथं कोणाच्या दारात जाऊ, पोरगी धाडा म्हणून?"

"सुट्टी असते ना आत्या. सुट्टीत घरी येईल ती."

"सुट्टीत पाहुणे येतात, सर," आत्या म्हणाल्या.