एक बाई कमी हाय

बाबा गेले तेव्हा मी तिसरीत होते. आई मला घेऊन रोहण्याहून वर्ध्याला आली, बोरगाव मेघेत टिनाची एक खोली केली. कापसाच्या हंगामात ती जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मशीनवर उभी राहायची, बाकीचे महिने शेतात निंदणाला जायची. संध्याकाळी घरी यायची तर केस, भुवया, पापण्या... सगळं पांढरं. मी तिच्या डोक्यातला कापूस वेचत पाढे म्हणायची, ती मान हलवायची. पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आलं, तिला पाढे ऐकूच येत नव्हते. त्या आवाजात हंगामामागून हंगाम उभी राहून तिचे कान गेले होते. सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवलं. डावा पूर्ण गेलाय, उजव्याला तोंड लावून ओरडलं तर थोडंफार पोचतं. दारावरून वरातीचा डीजे गेला तरी ती तांदूळ निवडत बसते.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

आणि हेही सांगते — अंगारा, उतारा, बाहेरची हवा, यातलं मी काहीच मानत नव्हते. मी बी.एस्सी. आहे, आमच्या घरातली पहिली. चौकात कोणी लिंबू टाकलेलं दिसलं की मी म्हणायची, आणा इकडे, शरबत करते.

मागच्या वर्षी मला पुण्याच्या एका लहान कंपनीत घरून करायचं काम मिळालं. सहा महिने प्रोबेशन. ही कंपनी दवाखान्यांतल्या रक्ताच्या आणि लसींच्या शेकडो फ्रिजवर यंत्र बसवते. प्रत्येक फ्रिज दर मिनिटाला एक ओळ पाठवतो: वेळ, तापमान, काही बिघाड असेल तर तो. या ओळी म्हणजे लॉग. त्या गोळा करून, तपासून आमच्या स्क्रीनवर आणणारी जी साखळी, ती पाइपलाइन. तिच्यावर पहारा बसवायचं काम माझं. मी बसवला. ओळीत बिघाड दिसला की अलर्ट, तापमान चढलं की अलर्ट. सगळं ठीक, तर स्क्रीनवरचा डॅशबोर्ड हिरवा.

पहिल्यांदा पाइपलाइन बंद पडली तेव्हा दोन तास एकही ओळ आली नाही, आणि डॅशबोर्ड हिरवागार! बिघाड सांगणारी ओळच पोचली नाही तर अलर्ट वाजणार कशावर? आज हे सोपं वाटतं. तेव्हा डोक्यातच आलं नाही. मला वाटलं बिघाडाचा कोणतातरी प्रकार आपल्याकडून सुटला. मी आणखी प्रकार शोधले, आणखी अलर्ट लावले. चाळीसेक झाले असतील.

पुढच्या आठवड्यात, दुपारी, आई अंगणात तूर पाखडत होती. मी आत लॅपटॉपवर. ती तिथूनच ओरडली, "वैशू, बंद पडली वं!"

मी बाहेर जाऊन तिच्या कानात म्हटलं, "काय बंद पडली?"

"मशीन. आवाज थांबला."

"कोणती मशीन? जिनिंगले कुलूप हाय आता, उन्हाळा हाय!"

"मले का मालूम. तुयीच असन."

मला हसू आलं. मैत्रिणीला मेसेज टाकला, 'आईला कानात जिनिंग ऐकू येतंय.' त्या मेसेजवर वेळ आहे दोन अडतीस. साडेतीनला आमच्या टीमचे प्रशांत सर फोनवर होते. पाइपलाइन पुन्हा मेली होती. शेवटची ओळ दोन सदतीसची.

"वैशाली, हिरवं दिसत होतं, हे मी दवाखान्याला सांगू शकत नाही," सर म्हणाले. "रक्ताच्या पिशव्या आहेत तिथे. एखादा फ्रिज गरम झाला असता तर? शुक्रवारी मला चालणारी गोष्ट दाखव. नाहीतर मी तुझ्यासाठी काही करू शकणार नाही."

त्या चार दिवसांत मी नीट जेवले नाही. आईनं माझ्यासाठी इतके हंगाम कापूस खाल्ला, आणि मी सहा महिने टिकू शकत नाही... न्हाणीत नळ सोडून रडायची. आईला रडणं ऐकू जाणार नव्हतंच, तरी नळ सोडायची.

बुधवारी सकाळी ती पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. "पाह्य, आता पुन्हा पडली."

मी स्क्रीन पाहिली. हिरवी. मागच्या ओळी उघडल्या, तर शेवटची एक मिनिटापूर्वीची. त्यानंतर काही नाही.

आई पोळ्या लाटायला परत गेली, चुलीकडे तोंड, माझ्याकडे पाठ. मी पाइपलाइन पुन्हा सुरू केली. ओळी यायला लागल्या त्याच क्षणी ती न वळता म्हणाली, "हां, लागली."

लॅपटॉपमधून सुईएवढा आवाज येत नाही हो. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"आई, तुले काय ऐकू येते?"

"घरघर. तू कामाले बसली का सुरू होते. जिनिंगसारखी, पण लांबून." मग माझ्याकडे पाहून, "काऊन, तुले नाई येत?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"दिवसभर तिच्यासमोर बसते अन् तुले आवाज नाई येत? मंग कायचं काम करून राह्यली तू?"

रडू येत होतं तरी हसले. मग सुचलं म्हणून विचारलं, "जिनिंगमंधी आवाज थांबला का तुम्ही काय करत होत्या?"

आईचा हात लाटण्यावर थांबला. "आवाज वाढला तर मुकादम धावे. थांबला का आम्ही बाया मोजत होतो. मशीन पाहाची नाई, पहिले बाया. कोणाचा पदर गेला, कोणाचा हात गेला... जे ओढल्या गेली ते ओरडत नाई वं. तिचा आवाजच नाई निंघत. म्हणून मोजाचं."

पोळी करपली.

ते चाळीस अलर्ट मी बाजूला केले. सगळ्या फ्रिजची यादी केली आणि हजेरी लावली. पाच मिनिटांत ज्याची एकही ओळ आली नाही, त्याचं नाव घेऊन अलर्ट वाजणार. हजेरी घेणारा प्रोग्राम पाइपलाइनच्या बाहेर, वेगळ्या ठिकाणी ठेवला, म्हणजे ती मेली तरी हा जिवंत.

शुक्रवारी दुपारी सर व्हिडिओ कॉलवर आले. "मी इथून काहीतरी बंद करणार आहे. काय आणि कधी, सांगणार नाही."

आई मागे लसूण सोलत होती. तिला परीक्षेचं काही सांगितलं नव्हतं, उगाच काळजी करेल म्हणून. दहा-बारा मिनिटं गेली. ओळी धो धो येत होत्या, मला वाटलं सरांनी अजून हात लावलेला नाही. तेवढ्यात आईनं मान वर केली.

"बंद नाई पडली," ती म्हणाली. "एक बाई कमी हाय."

सरांनी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटांनी अलर्ट वाजला. एकाच फ्रिजचं नाव. सरांनी शेकडो फ्रिजमधून तेवढ्या एकाच्याच ओळी बंद केल्या होत्या.

"वैशाली, मघाशी मागे कोण बोललं?"

"आई आहे सर."

"त्यांना कसं कळलं? मी बटण दाबलं त्या क्षणी बोलल्या त्या."

"सर, तिला तर ऐकूच येत नाही," मी म्हटलं.

नंतर कानाच्या डॉक्टरांना विचारलं. कान गेलेल्या माणसाला घरघर ऐकू येऊ शकते, म्हणाले. मान्य. पण पुण्यात बटण दाबल्यावर ती घरघर बदलावी कशी? माझा चेहरा पाहून ओळखलं म्हणावं, तर मलाच माहीत नव्हतं. तो मेसेज मी अजून जपून ठेवलाय, दोन अडतीसचा.

महिनाभरानं आई आपणहून म्हणाली, "आता नाई येत तुया मशीनचा आवाज." जरा खट्टू झालेली दिसली. मग म्हणाली, "तू मोजते न आता. बस झालं."

मला आजही याचा अर्थ लागलेला नाही. कोणाला लागला तर सांगा, पण आईला भास होतात असं म्हणू नका.

मला कायम केलं. आमच्या घरात पक्की नोकरी लागलेली मी पहिली. तेव्हापासून पाइपलाइन तीनदा बंद पडली, आणि तिन्ही वेळा पाचव्या मिनिटाला आम्हाला कळलं.